रिकाम्या खुंट्या

कोर्योची जुनी राजधानी, बैलवर्ष, नवव्या महिन्याचा सातवा दिवस

प्रिय यून-सोक,

सात वर्षं तुला एक ओळही लिहिली नाही, त्याची आधी माफी मागतो. कामाचं निमित्त सांगता आलं असतं, इतिहास कचेरीत ते कधीच संपत नाही. पण तुला निमित्तं सांगायची माझी छाती नाही. तुझ्या शेवटच्या पत्रात नासपतीच्या बागेबद्दल दोन पानं होती आणि शेवटी तू विचारलं होतंस, "बाकी काय?" त्या "बाकी"त तुझे वडील येत होते. उत्तराला चारदा बसलो आणि चारही वेळा त्याच जागी हात थांबला. नंतर इतके दिवस गेले की न लिहिण्याचीच सवय झाली.

तेव्हा आज तीच गोष्ट आधी सांगतो. काका आजारी आहेत. उन्हाळ्यापासून छातीत कफ साठतो आणि आता दक्षिण दरवाजापर्यंतही चालवत नाही. वैद्य माझ्याच ओळखीचा आहे. तो म्हणाला, पहिलं बर्फ पाहतील, दुसऱ्याचं सांगता येत नाही. काकांनी मला तुला कळवायला सांगितलेलं नाही. मी लिहितोय हे त्यांना माहीतही नाही. हे वाचून तू पत्र दुमडून ठेवशील, अशी भीती मला आहे. ठेवू नकोस. पुढे मी तुझ्या वडिलांबद्दल लिहिणार आहे, पण जास्त करून माझ्याबद्दल.

तुला आठवत असेल, राजविद्यालयात आपण एकाच ओळीत बसायचो आणि माझी वही पाहून तू हसायचास. रोजच्या पानाच्या तळाशी मी उद्याचं एक काम लिहायचो, एकच. "अरे, एवढ्याशा कामासाठी शाई कशाला खर्च करतोस, लक्षात ठेव की," असं तू म्हणायचास. ती सवय सेहेचाळिसाव्या वर्षीही गेलेली नाही. तुमच्या घरी मी पहिल्यांदा जेवलो त्या दिवसाच्या पानाखाली लिहिलंय, "उद्या: काकूंचा वाडगा परत देणे." काकूंनी आंबवलेल्या सोयाबीनचं सार घरी न्यायला दिलं होतं, कारण माझी आई तेव्हा खोकत होती. काका त्या वेळी किनाऱ्यावर समुद्री चाच्यांशी लढून नुकते परतले होते आणि एका हाताने जेवत होते, दुसरा गळ्यात बांधलेला. माझ्याकडे बघून म्हणाले, "हा कोण? वाऱ्याने उडून जाईल. यून-सोक, याच्या खिशात दगड घाल." तू हसलास, मीही हसलो. दुसऱ्या दिवशी त्यांनी खरंच एक दगड पाठवला. शाई घासायचा, काळा, जड. अजून वापरतो. हे पत्रही त्याच शाईचं आहे.

आता दरवाजाचं. तुला जे माहीत आहे तेच आधी लिहितो, कारण क्रम चुकवणं मला जमत नाही. कोर्यो राज्याच्या शेवटच्या दिवसांत सैन्य उत्तरेची नदी ओलांडायला निघालं, पुरात अडकलं, मागे फिरलं आणि आपल्याच राजधानीवर चालून आलं. त्या सैन्याचे सेनापती चार वर्षांनी नव्या जोसॉन राज्याचे पहिले महाराज झाले. त्या पावसाळ्यात तू काकूंच्या समाधीपाशी झोपडीत सुतक पाळत होतास, तीन वर्षांपैकी पहिलं वर्ष. पश्चिम दरवाजा काकांकडे होता. प्रत्येक दरवाजावर कचेरीने एक लेखनिक ठेवला होता आणि पश्चिमेचा मी होतो, पंचविशीतला. जे डोळ्यांनी दिसलं ते मी माझ्या खर्ड्यात लिहिलं: "सकाळी, सापाच्या प्रहरी, सेनापती ग्वाक यांनी पश्चिम दरवाजाचा अडसर काढला. एकही बाण सुटला नाही."

चार वर्षांनी नवे महाराज गादीवर बसले. त्या आठवड्यात तू माझ्या खोलीत आलास. बसला नाहीस. म्हणालास, "मिन-बो, लोक बाबांबद्दल काहीही बोलतात. तू तिथे होतास. तू काय लिहिलंस?" घरचा खर्डा कोणालाही दाखवायचा नसतो, प्रत्यक्ष राजालाही नाही. ही शपथ मी राजविद्यालयाच्या अंगणात घेतली तेव्हा तू माझ्या शेजारी उभा होतास. तरी मी पेटी उघडली. मला वाटलं, मित्राला खरं सांगणं हे शपथेपेक्षा मोठं आहे. आज विचार करतो तेव्हा वाटतं, माझं अक्षर किती नेमकं आहे, हेही मला तुला दाखवायचं होतं. दोन वाक्यं तू वाचलीस, पान नीट परत ठेवलंस, घरी गेलास, अंगणातल्या पाईनला आपली दरबारी टोपी टांगलीस, म्हणजे नोकरी सोडलीस, आणि वडिलांना नमस्कार न करता दक्षिणेला निघालास. त्याला सतरा वर्षं झाली.

तुझ्या मागे इथे काय काय झालं, ते तुला कोणी सांगितलं नसणार. नव्या दरबाराने काकांना मोठा किताब द्यायचं ठरवलं होतं, जमीन, नोकर आणि रेशमावर रंगवलेली तसबीर. त्यासाठी एक मंत्री माझ्याकडे आला आणि म्हणाला, खर्ड्यात फक्त एक शब्द वाढव, "आनंदाने". सेनापतींनी आनंदाने अडसर काढला. मी नाही म्हटल्यावर तो काकांकडे गेला, त्यांनीच मला सांगावं म्हणून. काका म्हणाले, "आनंदाने? त्या पावसात? माझे मोजे तीन दिवस वाळले नव्हते." मंत्र्याला हसावं की रागवावं कळेना. मग काका गंभीरपणे म्हणाले, "पोराने जे पाहिलं ते लिहिलं. त्याच्या हाताला हात लावू नका. आणि मी काही केलंच नाही, तर किताब कसला?" किताब गेला, तसबीर काढायची राहिली ती राहिलीच. माझी मान मात्र वाचली. ती वाचवल्याबद्दल मी त्यांचे आभार मानले तर मला म्हणाले, "आभार नकोत, दर नवीन वर्षाला सार प्यायला येत जा. घरात वाडगे जास्त झालेत."

नंतर त्यांना पुन्हा किनाऱ्यावर पाठवलं. किताब नाकारणाऱ्याला दरबारात जवळ कोण ठेवणार? आठ वर्षं ते दक्षिणेच्या खाड्यांमध्ये होते, तुझ्यापासून दोन दिवसांच्या वाटेवर. त्यांचा एक अधिकारी, नाक मोडलेला, तोंडाने फटकळ माणूस, मला गेल्या वर्षी भेटला. त्याने सांगितलं की एकदा चाच्यांच्या मागे जाताना सरळ रस्ता तुझ्या गावातून होता आणि काकांनी तो सोडून सैन्य डोंगराच्या वळशाने नेलं. हा चिडून म्हणाला, "सरकार, घोडी मरतील. त्या गावात कोण वाघ बसलाय?" तर काका म्हणाले, "वाघ नाही, शब्दाचा पक्का माणूस राहतो. माझा झेंडा दिसला तर त्याला पाठ फिरवावी लागेल. कशाला त्रास द्यायचा?" आणि खाडीच्या तोंडावर त्यांनी एक टेहळणीची नाव कायम ठेवली होती. त्या आठ वर्षांत शेजारची चार गावं जळली. तुझं जळलं नाही. तुझ्या बागेच्या नासपती मी खाल्ल्या आहेत, म्हणून हे लिहिताना माझ्या तोंडात त्यांचीच चव आहे.

हे सगळं तुला पूर्वीच लिहायला हवं होतं. पण मी स्वतःला समजावत होतो की यातल्या कशानेही दरवाजाची ओळ बदलत नाही. माणूस नंतर कितीही चांगला वागला तरी त्या सकाळी त्याने अडसर काढला तो काढला. मी माझ्या दोन वाक्यांवर इतका खूश होतो, यून-सोक.

या वसंतात कचेरीचा हुकूम निघाला. पहिल्या महाराजांच्या काळाचा इतिहास लिहायचा आहे, तेव्हा ज्याच्या घरी खर्डे असतील त्याने ते नवव्या महिन्याअखेर स्वतःच्या नावानिशी जमा करावेत. मी गेल्या आठवड्यात पेटी काढली आणि ती ओळ वाचली. वाटलं, दरवाजावर धनुष्यं किती होती ते लिहायचं राहिलं. एवढासा तपशील. पश्चिम दरवाजाचा धनुष्यवाला दोल्स्वे अजून जिवंत आहे, इथेच कोटाखाली राहतो. पंचाहत्तरीचा, डोळ्यांनी अधू, पण म्हशीच्या शिंगाला हात लावून सांगतो की जनावर कुठल्या वयाचं होतं. त्याच्याकडे गेलो आणि विचारलं, "दोल्स्वे, त्या दिवशी कामाची धनुष्यं किती होती?"

तो म्हणाला, "कामाची? एकही नव्हतं."

मला वाटलं, म्हातारा विसरला. मी म्हटलं, "अरे, मी स्वतः पाहिलीत. वर माडीवर शंभरावर टांगलेली होती."

"टांगलेली होती हो. ताटीला दोडके टांगतात तशी." आणि तो असा हसला की त्याला ठसका लागला. "पंडित, तुम्हाला काहीच कसं ठाऊक नाही? धनुष्य म्हणजे शिंग, बांबू नि जनावराच्या नसा, सगळं माशाच्या सरसावर धरलेलं. पावसाळ्यात खालून चूल पेटवलेल्या उबदार खोलीत ठेवलं नाही, तर सरस सुटतो. दरवाजावर तशी खोली एकच. त्या साली शिपायांच्या ओसरीत गुडघाभर पाणी, अकरा जण तापाने फणफणलेले. मोठे सरकार मला म्हणाले, धनुष्यं काढ, माणसं ठेव. मी म्हटलं, सरकार, धनुष्यं मरतील. तर म्हणाले, मेली तर नवी करशील. ह्यांना नवं करता येतं का तुला? सहा दिवस, पंडित! माझ्या हाताने केलेली शंभर धनुष्यं माझ्या डोळ्यांदेखत उकलली."

मी विचारलं, "मग हे कोणी कधी बोललं का नाही?"

"बोलून काय, माझं मुंडकं घालवू? सरकारी हत्यारं भिजवली तर मान जाते, राज्य ह्यांचं असो की त्यांचं. आणि किल्ली माझ्या कमरेला होती. मोठ्या सरकारांनी तीस शिपायांना शपथ घातली की सरसाचं नाव काढायचं नाही." मग तो माझ्याकडे त्या पांढुरक्या डोळ्यांनी बघत म्हणाला, "पण तुम्ही कोणत्या तोंडाने विचारताय? त्या अकरांतले एक तुम्हीच. माझ्या धनुष्यांच्या जागेवर पसरला होतात, भिंतीकडून तिसरे. आईला हाका मारत होतात."

मी घरी आलो. कचेरीचा नियम असा आहे की खर्ड्यात लेखनिकाचं खासगी काही येता कामा नये, म्हणून मी कायम दोन वह्या ठेवल्या, एक राज्याची आणि एक माझी. नियम मी इतका कडक पाळला की एकवीस वर्षांत त्या दोन वह्या एकदाही शेजारी शेजारी उघडल्या नाहीत. त्या दिवशी उघडल्या. माझ्या वहीत, दरवाजा उघडला त्याच्या आदल्या दिवसाच्या पानावर, माझ्याच थरथरत्या अक्षरात होतं: "ताप उतरला. पाठीखालची जमीन ऊन आहे, फार बरं वाटतं. भिंतीवर ओळीने खुंट्या, सगळ्या रिकाम्या. उद्या: कामावर जाणे." मी त्या खुंट्या पाहिल्या होत्या. लिहिल्याही होत्या. त्यांवर काय टांगलेलं असायचं, हे विचारलं नाही. आणि दुसऱ्या दिवशी उठून, त्या उबेने बरा होऊन, मी लिहिलं की एकही बाण सुटला नाही.

मी तसाच काकांकडे गेलो. ते अंगणात उन्हाला बसून चेस्टनट सोलत होते. मी सगळं बोलून टाकलं, खर्डा तुला मीच दाखवला होता तेही. मला वाटलं होतं, ते उठून आत जातील. ते म्हणाले, "ते मला माहीत होतं. यून-सोकचा तुझ्याखेरीज विश्वास कोणावर होता?" मी म्हटलं, "माहीत असून इतकी वर्षं तुम्ही मला सार वाढत आलात?" तर म्हणाले, "मग काय, चाळणीत वाढू?"

मी म्हटलं की आता मी खरं लिहिणार, धनुष्यं निकामी होती म्हणून दरवाजा उघडला. त्यावर त्यांनी हातातला सुरा खाली ठेवला. पुढचं जसं आठवतं तसं लिहितो, कारण ते तुला त्यांच्याच शब्दांत मिळायला हवं. म्हणाले, "तसं लिहू नकोस, ते खोटं होईल. बाहेर माझ्या हाताखाली शिकलेली पोरं उभी होती. आत माझा राजा होता. रात्रभर मला ठरवता आलं नव्हतं. सकाळी माडीवर चढलो, एक धनुष्य वाकवलं, तर शिंग सुटून हातात आलं. दुसरं घेतलं, तेही तसंच. आणि सांगायला लाज वाटते मिन-बो, मला बरं वाटलं. ठरवायचं कामच उरलं नाही. धनुष्यं कोरडी असती तर मी काय केलं असतं, हे मला तेव्हा माहीत नव्हतं आणि आजही नाही. यून-सोक गेला तेव्हा वाटलं, त्याच्या मागे जाऊन सरसाची गोष्ट सांगावी. पण मग दोल्स्वेची मान गेली असती आणि माझा हा सुटकेचा निःश्वास त्या गोष्टीआड लपवल्यासारखं झालं असतं." मग पुन्हा सुरा उचलून म्हणाले, "तेवढं बरं वाटल्याचं मात्र लिहू नकोस." आणि आणखी दोन चेस्टनट सोलून झाल्यावर, "बरं, लिही. तुझं कामच आहे ते."

मी दोल्स्वेलाही विचारून आलो. तो म्हणाला, "लिहा की. आता हे मुंडकं कोण घेतंय? घेणाऱ्याच्याच हाताला घाण लागायची."

तर मी असं केलं आहे. जुनी ओळ तशीच ठेवली. खोडणं गुन्हा आहे आणि ती खोटीही नाही. तिच्याखाली नवं पान जोडलं, लिहिल्या दिवसाची तारीख घालून, माझ्या नावाने. त्यात धनुष्यं आहेत, अकरा आजारी आहेत, काकांचं बोलणं आहे आणि शेवटी असं आहे: "त्या अकरांत हे लिहिणारा होता. त्याने रिकाम्या खुंट्या पाहिल्या व त्यांची चौकशी केली नाही. दोष लिहिणाऱ्याचा." असं पान आजवर कोणी जोडलेलं ऐकिवात नाही. वरिष्ठ काय म्हणतील कोण जाणे. नोकरी गेली तर मुलांना शिकवीन. पण गेले चार दिवस मला पंचविशीत ताप उतरला होता त्या सकाळसारखं हलकं वाटतंय, हे तुझ्यापासून लपवत नाही.

तुला लिहितोय ते वडिलांना क्षमा कर असं सांगायला नाही. ते स्वतःला करत नाहीत, तर मी कोण सांगणार? तू तत्त्वाने गेलास आणि तुझ्या त्या टोपीबद्दल मला आजही आदर आहे. ती अजून त्याच पाईनवर आहे, फक्त दोरी काकांनी तीनदा बदलली आहे. मी लिहितोय कारण तू माझ्या दोन वाक्यांवर विसंबून गेलास आणि ती वाक्यं अर्धी होती. उरलेली अर्धी तुझ्यापर्यंत पोचवणं माझं काम होतं, ते मी सतरा वर्षं उशिरा करतोय. एका माणसाने आपली शंभर धनुष्यं पावसात काढून मला ऊब दिली, म्हणून मी आहे, माझी बायको आहे, दोन मुली आहेत, हे पत्र आहे. त्या माणसाला मी त्याच्या मुलापासून तोडलं. आता तोच माणूस गार जमिनीवर झोपतो. चूल पेटवू दे म्हटलं तर म्हणतो, "ऊब धनुष्यांना लागते रे, मला कशाला?" माझं ते ऐकत नाहीत. तुझं ऐकतील. मिठाची नाव या पत्राबरोबर तुझ्याकडे नाजूला येते आणि आठ दिवसांनी तीच परत इकडे निघते. नावाड्याला सांगून ठेवलंय की परतताना एका माणसाची जागा ठेव. तू आला नाहीस तरी मी तुला दोष देणार नाही. चूल मी रोज पेटवीन, त्यांनी कितीही आरडाओरडा केला तरी. पण काकांची ती खोली मी पाहून आलोय, यून-सोक. त्या जमिनीवर दोघांना पुरेल एवढी जागा आहे.

तुझाच,
मिन-बो

उद्या: काकांच्या चुलीसाठी ओकची सुकी लाकडं नेणे.